चंद्रीला कोणी आळशी म्हटलं नाही

"हे डिप्रेशन आहे," मंचरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझे यजमान चटकन बोलले, "पण म्याडम, हिला दुःख कशाचं? घरात समदं ब्येस हाय."

मलाही तेच वाटत होतं. चार महिने मी महाळुंगे पडवळच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवण गोड लागेना, अंग ठणकायचं. सासूबाई म्हणायच्या, "लई लाड झाल्यात." माझ्याऐवजी धार यजमान काढायचे, पण आमची चंद्री गाय त्यांना नीट पान्हा सोडेना. शेवटी तिला बेल्ह्याच्या बाजारात विकायचं ठरलं. ते ऐकून मला रडूही आलं नाही. त्याचीच भीती वाटली, म्हणून दवाखाना गाठला.

बाईंनी सीआरपी तपासली. अंगात कुठे दाह, म्हणजे आतली सूज आहे का, ते सांगणारी ही रक्ततपासणी. ती बरीच वाढलेली निघाली. बोटांचे सांधे सकाळी आखडायचे, ते मी दोन वर्षं अंगावर काढलं होतं. तो आमवात होता.

"शरीरातल्या दाहाचा परिणाम मेंदूवरही होतो," बाई म्हणाल्या. "मग मेंदू सांगतो, पडून राहा, खाऊ नको, कुणात मिसळू नको. प्रत्येकाच्या डिप्रेशनमागे हे नसतं. तुमच्यात असावं."

सूज म्हटल्यावर आम्ही पडलो गोठ्यातली माणसं! चंद्रीच्या कासेला सूज आली होती तेव्हाची गोळी फळीवर उरलेली होती. यजमान म्हणाले, "सूज ती सूज. पाव तुकडा घे." मी शहाणी, घेतला. दोन दिवस पोटात आगडोंब.

परत दवाखान्यात गेलो, तेव्हा बाईंनी दोघांना फैलावर घेतलं. "जनावराचं औषध माणसाला? आणि सुजेची गोळी म्हणजे डिप्रेशनवरचा इलाज नव्हे." आमवाताचं औषध वेगळं, मनाची गोळी वेगळी, शिवाय समुपदेशन आणि रोजचं चालणं. गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच काही सोडायचं नाही.

घरी हे सगळं ऐकून सासूबाई उठून गोठ्याच्या दारात गेल्या. मग म्हणाल्या, "कास सुजली तवा चंद्री बी चारा सोडून कोपऱ्यात उभी व्हती. तिला आपुन आळशी म्हणलो व्हतो का? गाय इकायची न्हाई."

तुमच्या घरात कोणी असं पडून असेल तर त्याला टोमणे मारू नका, डॉक्टरकडे न्या. फळीवरच्या गोळ्या फळीवरच राहू द्या. मी बरी होतेय, तुमचं माणूसही होईल.

औषधं सुरू केली, तरी तिसऱ्या आठवड्यापर्यंत फरक नव्हता. पाचव्या आठवड्यात चहा गोड लागला. त्यानंतर एका सकाळी मी चंद्रीपाशी बसले, कासेला हात लावला. तिनं मान वळवून माझा खांदा हुंगला आणि पान्हा सोडला. बादलीत पहिली धार वाजली आणि मला हुंदका फुटला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी पोटभर रडले.

दारातून सासूबाई ओरडल्या, "रड बाई रड, पण बादली सांभाळ!"