बैलाच्या मापाचा हार

दसऱ्याला हिंगोली गाठायची, हे अक्काच्या फोनवरच ठरलं. माझी ही थोरली बहीण तिथल्या फुलबाजारात हार विकते. ट्रॅक्टरच्या एका शोरूमनं यंदा पहिल्यांदाच तिला ऑर्डर दिली होती. हार पसंत पडले तर दिवाळीचेही तिचेच, नाहीतर ते प्लास्टिकचे घेणार होते.

पुण्याहून नांदेडपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा बिनधास्त निघा. वारंगा फाट्यावर गरम खिचडी-भजी न खाता पुढे जाल, तर तुमच्यासारखे करंटे तुम्हीच!

अक्काची सासू बाजारात पोतं अंथरून बसायची, तेव्हा फुलं जवळच्या मळ्यांतली आणि हार देवासाठी नाहीतर पोळ्याच्या बैलासाठी. आता झेंडू टेम्पोनं येतो, किलोवर जातो, आणि दुकानांवर प्लास्टिकच्या माळा लटकतात. अक्काच्या फळीवर मात्र सासूनं ठोकलेले दोन खिळे आहेत. त्यांच्याभोवती दोऱ्याचा एक फेरा झाला की बैलाच्या गळ्याचं माप भरतं.

दसऱ्याच्या सकाळी मॅनेजर नवाकोरा ट्रॅक्टर घेऊनच आला. बॉनेटवर हार टाकला, तर तो निम्म्यातच संपला.

"मावशी, हे काहून एवढं आखूड?"

अक्कानं कपाळावर हात मारला. "बैलाच्याच मापानं ओवले की रे बाबा म्या!"

फुलवाल्यांच्या सगळ्या रांगेत हशा पिकला. मॅनेजर शेजारच्या प्लास्टिकच्या माळांकडे बघू लागला.

अक्कानं दोन हार उचलले, मध्ये आंब्याची डहाळी घालून एकमेकांना बांधले आणि मधोमध शेवंतीचा गोंडा बसवला. "आता टाकून बघ. बैल बी जोडीनंच चालतेत."

ट्रॅक्टर असा नटला की मॅनेजरनंच आधी फोटो काढला. "दिवाळीला बी असेच जोडीचे द्या, मावशी."

अभिमानानं माझा ऊर भरून आला. जोड्या लावताना कमी पडलेले हार आम्ही दोघींनी तिथंच बसून ओवले.

पुण्याला परतल्यावर बोटांचा पिवळा रंग गेला, पण मिरवणं काही थांबेना. परवा अक्कानं फळीचा फोटो पाठवला. त्यात लांब अंतरावर तिसरा खिळा होता. तो फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर लगेच टाकला, "आमची हिंगोली" लिहून.

मग अक्काला विचारलं, "मधला जुना खिळा काढला नाहीस?"

"काहून काढू? पोळ्याला बैल काय ट्रॅक्टरचा हार घालून येतेत?"