लाल शाईतली दुरुस्ती

मंडळी, आजचीच गोष्ट.

येरमाळ्याचे आमचे सर हिंदीत लिहायचे, एक हिंदी मासिकही चालवायचे. माझं सगळं हिंदी लिखाण त्यांनीच तपासलं. गेल्या महिन्यात ते वारले. मी त्यांच्यावर हिंदीत लेख लिहिला. सरांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, तो परवा सरांच्या टेबलावर ठेवायला मागून घेतला. आज दुपारी परत आणायला गेलो.

पाहतो तर लेखातला प्रत्येक 'थे' खोडून वर लाल शाईनं 'हैं' केलेलं. अक्षर सरांचं.

"काकू, हे कुणी केलं?"

"मला कुठं वाचता येतंय बाबा? कागद ठिवला अन् खोलीला कुलूप लावलं. घरात मी एकलीच हाय."

सरांची दुरुस्ती मी आजवर कधी बदलली नाही. लेख तसाच छापायला पाठवला.

तुम्ही काय केलं असतं?