लिव्हर आणि उसाचा रस

"घेता किती?" चंद्रपूरच्या डॉक्टरनं बरगडीखाली बोटं दाबत विचारलं आणि माझं टाळकंच सटकलं. दीक्षा घेतलेल्या घरातला मी, रोज पंचशील म्हणणारा. दारूचा थेंब कधी जिभेला लागू दिला नाही. तसं ठणकावून सांगितलं, तर तो गालातल्या गालात हसला. म्हणाला, "लिव्हर वाढलंय. सोडा आता."

तो हसला त्याचं मला काही नव्हतं. बाजूला बायको बसली होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा बाप मोहाच्या दारूनं गेला होता, पोटात पाणी होऊन, तिच्या डोळ्यांदेखत. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "गडचिरोलीच्या दौऱ्यावर साहेब लोकायसंगं बसत होते का तुमी?"

"नाई वं! पोरीची शपथ!"

तिनं मान डोलावली. पण तिला पटलं नाही, हे मला कळलं.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची. मी जमीन मोजणीच्या खात्यात होतो. तरुणपणी मोजणीची साखळी ओढत गडचिरोलीचं जंगल पायी पालथं घातलं. मग बढती मिळाली, चंद्रपुरात टेबल मिळालं, स्कूटर आली. कोणाचं काम झालं की पेढे. घडीघडी साखरेचा पाक असावा तसा चहा, घरी दोन्ही वेळा भाताचा डोंगर. पोट सुटलं. लोक म्हणायचे, "भाऊ, तब्येत बनली!" मीही खुशीत असायचो.

आता आमच्याकडे लिव्हर म्हटलं की कावीळ, आणि कावीळ म्हटलं की उसाचा रस. मनात संशय असला तरी बायकोनं सेवेत कसर ठेवली नाही. तेल-तिखट बंद. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर रस, मधे ग्लुकोजचं पाणी, जेवायला मऊ भात न् गूळ. उठायची मनाई. दोन महिने रजा टाकून मी लोळत पडलो. पुन्हा दाखवायला गेलो तर लिव्हर आणखी वाढलेलं! "सुटली नाही वाटतं अजून," डॉक्टर म्हणाला.

त्या दिवशी ती वाटेत माझ्या चार पावलं पुढंच चालत राहिली. मी धुमसत होतो, आणि खरं सांगतो, घाबरलोही होतो. न पिता मरायचं, आणि वर बायकोनं म्हणायचं, पिऊन मेला!

शेवटी नागपूर गाठलं. सोनोग्राफीची मशीन तिथं नवीनच आली होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासणी केली आणि मला सोडून बायकोलाच विचारलं, "हे दिवसभर खातात काय, करतात काय?" तिनं पेढ्यांपासून रसापर्यंत सगळं सांगितलं. बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, ही कावीळ नाही. यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठलीय."

"दारूची?" बायकोनं पुढं सरकून विचारलं.

"मशीनला चरबी दिसते, ती कशानं झाली ते दिसत नाही. पण न पिणाऱ्यालाही होते. बसून राहायचं, आणि वरून एवढं गोड न् भात, मग दुसरं काय होणार? रस आजच बंद करा. यांना उठवा, रोज चालवा. वजन उतरलं की हेही उतरेल. घाबरू नका, वेळेत आलात."

हुश्श! असं वाटलं, बाईंच्या पाया पडावं. बाहेर आलो तर बायको पायरीवरच बसली.

"माझा बापही असंच म्हणे," ती म्हणाली. "थेंब घेतला नाई म्हणे. मरेपर्यंत म्हणे."

माझा इतक्या दिवसांचा राग तिथंच विरघळला. तिच्या शेजारी बसलो न् विचारलं, "मग आता? आता तरी पटलं का?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "तुमी खोटं बोलू शकता जी. पण दोन महिने माह्या डोळ्यापुढंच पडून होते, अन् रस तं मीच पाजला ना तुमाले!" आणि हसायलाच लागली. इतक्या महिन्यांनी हसली. मग उठून म्हणाली, "चाला. बसस्टँडपर्यंत पायीच जाऊ."