बोटीचा नकाशा आणि साडूचा देव

साडू रविवारी दुपारी मेव्हणीसह आला तो काखेत बोटीचा नकाशा घेऊन. नागपट्टणच्या कचेरीतून त्याला तो मिळाला होता. माझ्या बैठकीतल्या जमखान्यावर त्यानं तो पसरला, चारी कोपऱ्यांवर माझीच पुस्तकं ठेवली, आणि म्हणाला, "अण्णा, यातली कोणती खोली घ्यायची ते तुम्ही सांगा. मला यातलं काही कळत नाही." नकाशा उलटा पसरला होता. मी तो सुलटा केला.

हा माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मॅट्रिकला तीनदा बसला आणि तीनदा आपटला. मग बापाच्या पितळी भांड्यांच्या दुकानात बसला. माझे वडील अन्नछत्रात वाढपी होते, आणि मी आमच्या सगळ्या नात्यागोत्यातला पहिला बी.ए. अर्ज लिहायचा असला, तार वाचायची असली, की कुंभकोणमची आमची मंडळी माझ्याकडे येत. पण त्याच्या समया आणि हंडे समुद्रापलीकडे मलायातल्या पिनांगला जाऊ लागले, आता तिथलं दुकान बघायला तो स्वतः निघाला होता, आणि बायकोलाही नेणार होता. मी हायस्कूलात भूगोल शिकवत असे. पिनांग कुठे आहे ते भिंतीवरच्या नकाशावर काठीनं दाखवायचं काम माझं, आणि जायचं काम त्याचं. मला त्याचा हेवा वाटे. लपवून काय उपयोग? त्याच्या जरीकाठी अंगवस्त्राचा वाटे, हसण्याचा वाटे, नकाशा उलटा धरूनही न लाजण्याचा तर फारच वाटे.

मी चष्मा लावला आणि वाचून दाखवलं. दुसऱ्या वर्गात दोन तऱ्हा होत्या. एक, नवराबायकोसाठी दोन बिछान्यांची खोली. एक बिछाना खाली, एक वर. ती बोटीच्या मागच्या टोकाला, जिथं खाली यंत्राचा पंखा पाणी कापतो, त्याच्या डोक्यावर. दुसरी तऱ्हा म्हणजे बायकांची चार बिछान्यांची खोली बोटीच्या मधोमध, गोल खिडकीची. अशा खोल्या बोटीच्या दोन्ही बाजूंना होत्या, पुरुषांच्या वेगळ्या. बोट डोलते ती टोकांना जास्त, मध्यावर कमी, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. विचारणाऱ्याला ते सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

कारण या दोन तऱ्हांत नुसता खोलीचा प्रश्न नव्हता. मेव्हणीला परक्या बायकांत एकटीनं सात दिवस काढायची भीती वाटत होती. बायकांची खोली घेतली तर तिला सोबत हवी, आणि सोबत म्हणजे तिची अक्का, माझी बायको. तिकीट साडू काढणार होता. हे मला कोणी अजून विचारलं नव्हतं. पण बहिणीबहिणींचं ठरलेलं आहे हे मला त्या दुपारी कळलं, कारण बायको माजघराच्या दारात येऊन उभी राहिली होती आणि तिथून हलत नव्हती. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्या सोळा वर्षांत तिनं तिरुविडैमरुदूरचं देऊळ आणि गोविंदपुरम्‌चं भजन याखेरीज काही पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, "नवराबायकोची खोली घे. दुसरा विचारच नको."

"का, अण्णा?"

"देव आहे ना तुझ्याबरोबर."

देव म्हणजे साडूच्या घराण्यातला वीतभर पंचधातूचा विठोबा. आजोबांपासून त्याची पूजा एक दिवस चुकली नव्हती, म्हणून तोही बोटीनं निघाला होता. मी साडूला समजावून सांगितलं की पुरुषांच्या खोलीत तीन परके येणार, कोण काय खाऊन येईल सांगता येत नाही, त्यांच्या बुटांशेजारी देव ठेवायचा का? आणि बायकांच्या खोलीत ठेवावा तर तिथं सोवळंओवळं कोण बघणार? हे मी इतकं गंभीरपणे सांगितलं की साडूचा चेहरा पडला. शिकलेल्या माणसाला देवाची एवढी काळजी आहे याचं त्याला कौतुकही वाटलं असावं. मला देवाची काडीची काळजी नव्हती. माझी बायको त्याच्या तिकिटावर आगबोटीत बसते आहे हे आमच्या आळीतल्या लोकांनी बघू नये, एवढीच मला काळजी होती. आणि आणखीही एक गोष्ट होती. पिनांग माझ्याआधी ती बघणार होती.

मेव्हणी नकाशावर वाकली. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण बिछान्यांची चित्रं तिला कळली. ती म्हणाली, "भावोजी, एक खाली आणि एक वर, मग देव कुठे?"

"खालच्या बिछान्यावर, उशाशी."

"आणि वर हे झोपणार? देवाच्या डोक्यावर?"

साडूनं कानाला हात लावला. मग देव वर ठेवायचा असं ठरलं. मग खालच्या बिछान्यावर नवराबायको दोघं. तो बिछाना दोन फूट रुंद, आणि साडू एकटाच तेवढा. मेव्हणी पदराआड हसली. साडूही हसला, आपल्या पोटावर थाप मारून. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, एकानं खाली जमिनीवर पथारी घालावी, त्यात काय मोठं, आपल्या बायका जमिनीवरच झोपतात.

"सात दिवस?" मेव्हणी म्हणाली. "तिथं खाली पाणी येतं म्हणतात."

मी म्हणालो की देवासाठी एवढं सोसायला हरकत नसावी. हे माझ्या तोंडून गेलं. तिला प्रवासात उलट्या होतात, कुंभकोणमहून तंजावरला बैलगाडीनं जातानासुद्धा होतात, हे मला ठाऊक होतं.

तेव्हा बायको दारातून आत आली. पाहुण्यांसमोर ती बसत नसे, पण त्या दिवशी बसली.

"देवाला समुद्रावर कशाला न्यायचा?" ती साडूला म्हणाली. "आमच्याकडे ठेवा. पूजा हे करतील."

साडूचा चेहरा एकदम उजळला. त्यानं नकाशावरून वाकून माझे पाय धरायला हात पुढे केला. मी पाय मागे घेतले. मी म्हणालो, मला शाळा आहे.

"शाळा दहाला आहे," बायको म्हणाली. "पूजेला अर्धा तास लागतो."

"सोवळ्यानं स्वयंपाक कोण करणार? नैवेद्य?"

"दूधसाखर चालते. माझ्या बहिणीकडे ती आजारी असली की तेच चालतं."

मेव्हणीनं मान डोलावली. आता मला कारण उरलं नव्हतं. एक उरलं होतं, तेच खरं होतं, ते मी बोललो.

"त्याच्या तिकिटावर तू जायचं नाहीस."

साडूनं नकाशाच्या कोपऱ्यावरचं एक पुस्तक उचललं, पुन्हा ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता तो उठून जाईल, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. तो उठला नाही.

बायकोनं आवाज चढवला नाही. रोज भाजी कोणती आणू असं विचारावं तसं तिनं विचारलं, "मग तुम्ही मला केव्हा न्याल?"

टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. टोमण्यांना उत्तरं द्यायला मी चांगलाच शिकलो होतो. ती खरोखर विचारत होती. पुढच्या वर्षी की त्याच्या पुढच्या, ते सांगितलं असतं तर ती थांबली असती, हे मला तिच्याकडे पाहून कळलं. मी मनात बघितलं. हायस्कूलच्या सुट्ट्या बघितल्या, माझा पगार बघितला, म्हातारी आई बघितली. कोणतंच वर्ष मला सापडलं नाही.

मी दौत मागितली.

बोटीच्या कचेरीला पत्र इंग्रजीत लिहायचं होतं. त्याआधी मी तिला नकाशाजवळ बोलावलं. सोळा वर्षांत मी तिला कधी कोणता नकाशा दाखवला नव्हता, आणि रोज तेच शिकवून घरी येत होतो. ही बोटीची पुढची बाजू, ही मागची, हा जिना, ही बायकांची खोली, हे चार बिछाने. तिनं बोट खालच्या एका बिछान्यावर ठेवलं.

"ही खिडकी उघडते का?"

मी बारीक अक्षरात वाचलं. समुद्र शांत असला तर उघडतात, असं लिहिलं होतं.

"मग इथं," ती म्हणाली. "आणि समोरचा हिला."

मी तसं लिहिलं. बायकांच्या खोलीतले खालचे दोन, खिडकीजवळचे. माझं इंग्रजी त्या दिवशी फार चांगलं उतरलं. साडूसाठी पुरुषांच्या खोलीत मी वरचा बिछाना मागितला. त्याला न विचारता मागितला. शिडीनं ते पोट वर चढतानाचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि त्यानं मला थोडं बरं वाटलं.

मी त्यांना पोचवायला नागपट्टणला गेलो. बोट किनाऱ्याला लागत नाही, ती दूर उभी असते. पडावातून माणसं नेतात. दोघी बहिणी पडावात एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. साडू उभा राहून माझ्याकडे हात हलवत होता, नावाडी त्याला बसायला सांगत होता. बायकोनं एकदा मागे पाहिलं, मग बोटीकडे पाहायला लागली आणि पुढे तिकडेच पाहत राहिली.

त्यानंतर रोज सकाळी मी साडूच्या देवाला आंघोळ घातली. दूधसाखर दाखवली. मंत्र मला येत होते, बापानं पाठ करून घेतले होते. गंध उगाळताना साडूवर जितका राग काढता येईल तितका काढला. देवाची मूर्ती मात्र सुरेख होती. माझ्या घरात तशी एकही नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात पिनांगहून पत्र आलं, बायकोच्या मोडी अक्षरात. पहिला मजकूर साडूचा होता, तिनं लिहून घेतलेला. वरच्या बिछान्यावर वारा फार छान लागला, खालचे तिघे उकाड्यानं हैराण झाले, अण्णांनी किती विचार करून जागा निवडली हे मी इथं सगळ्यांना सांगतो. मी ते दोनदा वाचलं.

मग तिचा स्वतःचा मजकूर. बहिणीला पहिले दोन दिवस त्रास झाला, नंतर नाही. खिडकी चार दिवस उघडी होती. पूजा चुकवू नये. आणि खाली असं होतं, की परतीच्या जागा घ्यायला ती बहिणीबरोबर तिथल्या कचेरीत गेली होती. तिथल्या माणसानं नकाशा पुढे ठेवला. बहिणीचा नवरा म्हणाला, अण्णांना पत्र लिहून विचारू. ती म्हणाली, नको, वेळ जाईल. परत येताना दुपारचं ऊन दुसऱ्या बाजूला येतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. म्हणून तिनं या खेपेला पलीकडच्या बाजूची खोली मागितली, आणि ती मिळाली.

ते बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मी हायस्कूलच्या भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून पाहिलं. मला ते सुचलं नसतं.