लंकाबाईचा खाडा

"पाणी प्यायचं ते सुट्टीच्या दिवशी," असं लंकाबाई एकदा म्हणाली होती, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या बाया खो खो हसल्या होत्या.

ओझरजवळच्या त्या पॅकहाऊसमधून द्राक्षं परदेशी जायची. मण्यांना माणसाचे जंतू लागू नयेत म्हणून बायांना टोपी, झगा, हातमोजे. लघवीला जायचं तर सगळं उतरवायचं, हात धुऊन पुन्हा चढवायचं. तेवढ्यात टेबल मागे पडायचं, की सुपरवायझरची बोलणी. त्यापेक्षा पाणीच नको. लंकाबाई मांड्या आवळून घडातले खराब मणी कात्रीने टिपत राही.

लघवीला जळजळ पहिल्यांदा झाली तेव्हा चार-दोन गोळ्यांनी थांबली. उरलेल्या तिने बिस्किटाच्या डब्यात टाकल्या. तो डबा सगळ्या बायांचा. जिचं दुखणं थांबे ती उरलेल्या गोळ्या त्यात ठेवी, जिला आग होई ती त्यातून घेई. वत्सलाबाई रंगावरून औषध सांगे. "पिवळी घे गं, मला पिवळीनंच बरं वाटलं." एकमेकींना सांभाळायची त्यांची ती रीत होती. दुखणं परत येई, लंकाबाई परत डबा उघडी.

यंदा मात्र पिवळी लागू पडली नाही, पांढरीही नाही. पाठीत कळ, अंगात ताप. आणि नेमकं यंदाच, खाडा न करणाऱ्या एका बाईला बारमाही काम मिळणार होतं. द्राक्षं संपली की घरी बसून भाकरीची वाट बघणं लंकाबाईला आता नको होतं.

शेवटी ती दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टर यशश्रीने लघवीचा रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. "मावशी, बहुतेक गोळ्यांना हे जंतू आता जुमानत नाहीत."

"पण मी तर लय स्वच्छ राहते, मॅडम."

"दोष तुमच्या स्वच्छतेचा नाही. आपल्याच आतड्यातले जंतू हे. बाईचा लघवीचा मार्ग आखूड, त्यातून वर चढतात, लघवीच्या पिशवीला आतून चिकटतात. काही तिच्या भिंतीत शिरून दडून बसतात. आग थांबली की आपल्याला वाटतं, गेले. गोळ्या अर्ध्यात सोडल्या की चिवट तेवढे उरतात, आणि तेच वाढतात. आता किडनीपर्यंत गेलेत. आठवडाभर दवाखान्यात राहून इंजेक्शनं घ्यावी लागतील."

"मग कायमचं जाईल ना?"

"तसा शब्द नाही देता येत, मावशी."

लंकाबाई तापातच पॅकहाऊसवर गेली. सुपरवायझर शामसुंदर टेबलाशीच उभा होता. पलीकडे गडी ट्रकमध्ये पेट्या चढवत होते.

"शामभाऊ, आठवडाभर दवाखान्यात राहावं लागंल. बारमाहीला माझं नाव तेवढं ठेवा."

"झालंय काय?"

गड्यांचे हात थांबले. लंकाबाईने पदर सारखा केला. "बायकांचं दुखणं."

"ते तर सगळ्याच बायकांना असतं. ह्या नाहीत का आल्या कामाला?" गडी हसले. "जा तुम्ही, मी अडवत नाही. पण खाडा तो खाडा. नाव वत्सलाबाईचं जाईल."

लंकाबाईने वत्सलाबाईकडे पाहिलं. कालच तिने कानाशी येऊन सांगितलं होतं, मलाही पुन्हा आग होतेय म्हणून. आता एक शब्द तिने बोलायचा होता. वत्सलाबाईने घड उलटा केला, वाकून एक सडका मणी शोधला आणि कात्री चालवली.

लंकाबाई वळली आणि फाटकाबाहेर पडून दवाखान्याच्या वाटेला लागली.