कमी बोलणारा नर्स

हर्नियाच्या ऑपरेशननंतर क्लिफर्ड तुस्कानो शुद्धीवर आला आणि बायकोला म्हणाला, "बर्था, मी नर्स होणार."

बर्थाने त्याच्या कपाळावर हात ठेवून पाहिला आणि भूल पूर्ण उतरायला किती वेळ लागतो, हे विचारायला ती बाहेर गेली.

संध्याकाळी मिसिसागातल्या घरी पेज पिताना त्याने तेच वाक्य पुन्हा उच्चारलं. एकच वाक्य दिवसात दोनदा म्हणजे क्लिफर्डच्या मानाने जाहीर सभाच झाली. हे भुलीचं काम नव्हे, हे बर्थाच्या तेव्हा ध्यानात आलं.

क्लिफर्ड मूळचा वसईकडचा, भुईगावचा. कॅनडात आल्यापासून तो विमानतळाजवळच्या एका मालगोदामात फोर्कलिफ्ट चालवत होता. तिथे बोलायची गरज पडत नसे. जे काही बोलायचं ते फोर्कलिफ्टच मागे येताना बीप बीप करून बोलत असे. माणूस कामाला वाघ, रविवारचा चर्चमधला मिस्सा कधी न चुकवणारा, पण त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खोल विहिरीतून पोहरा ओढायचा. लग्न ठरवायला तो आईवडलांबरोबर बर्थाच्या घरी गेला होता, तेव्हा चहा होऊन, कप विसळून झाले तरी हा गप्पच. शेवटी बर्थाच्या आईने त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारलं होतं, "मुलाला ऐकू येतं ना?"

नर्स व्हायचं खूळ डोक्यात कसं शिरलं, तेही त्याने सांगितलं, पण हप्त्याहप्त्याने. ऑपरेशनच्या आधी एक नर्स आला होता. न्यूफाउंडलंडचा, दाराएवढा उंच गडी. त्याने सांगितलं, आता सुई टोचेल, मग हात गार पडेल, मग काही कळणार नाही आणि उठाल तेव्हा घसा दुखेल. सगळं तसंच आणि त्याच क्रमाने झालं. जे होईल तेवढंच सांगणारा माणूस क्लिफर्डला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. शिवाय डॉक्टरने आता जड उचलायचं नाही अशी ताकीद दिली होती आणि गोदामातलं हलकं काम म्हणजे ऑफिसात बसून गिऱ्हाइकांचे फोन घेणं. त्यापेक्षा चार वर्षांची डिग्री करणं त्याला सोपं वाटलं.

मराठी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये ही बातमी समोशांच्या आधी सगळ्यांपर्यंत पोहोचली. बर्थाचा मावसभाऊ हेरॉल्ड म्हणाला, "शिकायचंच आहे तर डॉक्टर तरी हो."

"वेळ लागतो," क्लिफर्ड म्हणाला.

हेरॉल्ड समोसे घ्यायला गेला.

घरी मुलगी क्रिस्टा बारावीत होती. तिने दोन्ही हात डोक्याला लावले. "डॅड, लिटरली एनिथिंग एल्स." पण युनिव्हर्सिटीला अप्लाय करायचं तर क्लिफर्डलाही बारावीचं केमिस्ट्री आणि बायॉलॉजी नव्याने करणं भाग होतं. तेव्हा वर्षभर घरात एकच पुस्तक आणि दोन विद्यार्थी, असा प्रकार चालला. पुस्तक आधी कोणी न्यायचं यावरून भांडणं व्हायची. म्हणजे क्रिस्टा भांडायची आणि क्लिफर्ड पुस्तक घेऊन बेसमेंटमध्ये जायचा. दोघंही पास झाली. क्रिस्टाने अट घातली, की बापाने तिच्या कॅम्पसमध्ये पाऊल ठेवायचं नाही. खबरदारी म्हणून ती स्वतः दूर बर्नाबीला शिकायला गेली. घर बर्थाच्या दातांच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनच्या नोकरीवर चालू लागलं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी क्लिफर्ड एकोणीस वर्षांच्या मुलामुलींत जाऊन बसला. पहिल्या दिवशी वर्गातली अर्धी मुलं त्याला प्रोफेसर समजून उठून उभी राहिली. तोही उभाच होता, बसायला जागा शोधत. कोणी आधी बसायचं हे बराच वेळ ठरेना.

पहिल्या वर्षी पेशंटशी कसं बोलावं, याचा एक वेगळा विषय होता. क्लिफर्डने त्याची धास्ती घेतली होती. परीक्षेत एक नटी पेशंट बनून यायची आणि रडायची. विद्यार्थ्याने तिच्याशी बोलायचं. इतर मुलं "सगळं ठीक होईल" वगैरे सांगून मार्क घालवून बसली, कारण खोटा दिलासा द्यायचा नाही असा नियम होता. क्लिफर्ड नटीसमोर बसला. ती रडली. तो मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवू लागला. ती आणखी रडली आणि बोलू लागली. आईबद्दल बोलली, कुत्र्याबद्दल बोलली. क्लिफर्डचं वाक्य काही जमेना. वेळ संपली. तपासणाऱ्या बाईंनी शेरा दिला: शांततेचा अतिशय प्रगल्भ वापर. वर्गात त्याचे मार्क सगळ्यांत जास्त होते.

बर्थाने ते ऐकलं आणि ती म्हणाली, "देव आहे."

या मार्कांनीच पुढे त्याचा घात केला. आपला स्वभाव म्हणजे गुण आहे, असं त्याला वाटू लागलं.

तिसऱ्या वर्षी त्याला एका हॉस्पिटलच्या हाडांच्या वॉर्डात पाठवलं. तिथे त्याच्या गटाला शिकवायला मिसेस बेलफोर होत्या. मूळच्या जमैकाच्या, सगळं आयुष्य वॉर्डात काढलेल्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. क्लिफर्डला त्यांनी मिस्टर डनलॉप नावाचा पेशंट दिला. गुडघा बदललेला, निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. उभी हयात पोरांच्या आरडाओरड्यात गेल्यामुळे या गृहस्थाला शांततेची भारी आवड. दोघांचं चांगलंच जमलं. सकाळी क्लिफर्ड "गुड मॉर्निंग" म्हणे, डनलॉप मान हलवत, आणि पुढचा सगळा वेळ दोघं एकमेकांच्या सहवासात समाधानाने गप्प असत.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी डनलॉप नेहमीपेक्षाही गप्प होते. क्लिफर्डने नाडी पाहिली, श्वास मोजले. दोन्ही वाढले होते. त्याने पुन्हा मोजले, तेवढेच आले. त्याने ते आकडे कॉम्प्युटरमध्ये नीट भरले. वॉर्डची नर्स दुसऱ्या खोलीत कामात होती, फोनवर होती, मग आणखी कुठल्या तरी खोलीत होती. कामात असलेल्या माणसाला मध्येच अडवणं क्लिफर्डच्या रक्तातच नव्हतं. आकडे भरले आहेत, ती बघेलच, असा त्याने विचार केला आणि चादर सरळ करत बसला.

थोड्या वेळाने डनलॉप पांढरेफटक पडले आणि छातीला हात लावून धापा टाकू लागले. क्लिफर्डने भिंतीवरचं बटण दाबलं. मग खोलीत इतकी माणसं आली, की तो खिडकीशी ढकलला गेला. पायात झालेली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली होती. डनलॉपना खाली अतिदक्षता विभागात नेलं. संध्याकाळपर्यंत कळलं, की जिवावरचं टळलं.

मिसेस बेलफोरनी क्लिफर्डला चादरी ठेवायच्या लिनन रूममध्ये नेऊन दार लावलं.

"श्वास वाढलेत हे तू कधी पाहिलंस?"

"सकाळी."

"कोणाला सांगितलंस?"

"कॉम्प्युटरमध्ये भरलं."

"कोणाला सांगितलंस, असं विचारतेय मी."

क्लिफर्ड गप्प राहिला. पहिल्या वर्षी या शांततेला मार्क होते.

"कॉम्प्युटर धावत येत नाही, क्लिफर्ड," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात डनलॉप वॉर्डात परत आले. क्लिफर्डने मिसेस बेलफोरना विचारलं, की मी त्यांना भेटू का. त्या म्हणाल्या, मी बरोबर येईन. तो पलंगाशी उभा राहिला. आठवडाभर घोकलेलं वाक्य त्याने एका दमात म्हणून टाकलं. "मिस्टर डनलॉप, तुमचा श्वास वाढलाय हे मला आधीच दिसलं होतं, मी कोणाला हाक मारायला हवी होती, मी मारली नाही, मला माफ करा."

डनलॉपनी छताकडे पाहिलं.

"मलाही पहाटेपासून कसंतरीच होत होतं," ते म्हणाले. "म्हटलं, उगाच कशाला कोणाला त्रास."

मिसेस बेलफोरनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्हा दोघांना," त्या म्हणाल्या, "एका खोलीत ठेवायलाच नको होतं."

त्या टर्मला त्यांनी क्लिफर्डला नापास केलं. वर्ष वाया गेलं.

घरी आल्यावर त्याने बूट काढले आणि सांगितलं, "नापास."

"कशात?"

"बोलण्यात."

"त्याला युनिव्हर्सिटी कशाला हवी होती?" बर्था म्हणाली. "मी लग्नाच्याच वर्षी केलं असतं."

क्लिफर्ड पुन्हा बूट घालून बाहेर गेला आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करू लागला. आपला झाल्यावर शेजाऱ्याचा केला. मग त्याच्या पलीकडच्याचा. तिथला माणूस दार उघडून बाहेर आला आणि त्याच्याकडे बिझनेस कार्ड मागू लागला. बर्था खिडकीतून बघत होती. नवऱ्याला तिने इतकी वर्षं पाहिलं होतं. बर्फ तिसऱ्या घरापर्यंत गेला म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने कोट चढवला आणि ती बाहेर गेली.

"सोडणार आहेस का?"

फावडं बर्फात रोवून तो उभा राहिला. "तो माणूस मेला असता, बर्था."

"मेला नाही ना? मग सोडणार आहेस की शिकणार आहेस, ते सांग. मला थंडी वाजतेय."

"शिकणार."

"मग मोठ्याने बोल. मला ऐकू आलं नाही."

आलं होतं. पण त्याने मोठ्याने सांगितलं. रस्त्यापलीकडच्या बाईने पडदा सारून पाहिलं.

तिथून बर्थाने शिकवणी हातात घेतली. डॉक्टरला फोन करताना नर्सने मी कोण, पेशंटला काय झालंय, मला काय वाटतं आणि तुम्ही काय करायला हवं, हे या क्रमाने सांगायचं असतं. बर्था वरच्या बेडरूममध्ये डॉक्टर होऊन बसायची आणि क्लिफर्ड बेसमेंटमधून फोन लावायचा. दवाखान्यात तिने तऱ्हेवाईक डॉक्टर भरपूर पाहिले होते. त्या सगळ्यांचा राग ती एकट्या क्लिफर्डवर काढी.

"हॅलो, मी क्लिफर्ड, स्टुडंट नर्स..."

"मग मी काय करू?" आणि फोन बंद.

तो पुन्हा लावी.

"हॅलो, मी क्लिफर्ड. पेशंटचं ब्लड प्रेशर..."

"मी जेवतेय."

"पेशंटचं ब्लड प्रेशर कमी झालंय. तुम्ही येऊन बघायला हवं."

"नाही आले तर?"

यावर तो अडायचा. काही आठवडे अडत राहिला. मग एका रविवारी दुपारी फोनवरून उत्तर आलं, "नाही आलात तर मी परत फोन करीन. मग तुमच्या वरच्या डॉक्टरला करीन." बर्थाने फोन ठेवला. मग खाली येऊन तिने त्याला कलेजी गरम करून वाढली.

पुढच्या वर्षी तोच विषय, दुसरा वॉर्ड, त्याच मिसेस बेलफोर. टर्म निम्मी उलटल्यावर एका दुपारी एका म्हाताऱ्या बाईंचं ऑक्सिजन मोजणारं मशीन किंचाळायला लागलं. आकडा भलताच खाली गेला होता. वॉर्डची नर्स औषधं काढत होती. क्लिफर्डने तिला अडवलं. तिने "एक मिनिट" म्हटलं. तो म्हणाला, "नाही, आत्ता." राउंडवरचे डॉक्टर लिफ्टमध्ये शिरत होते, त्याने लिफ्टच्या दारात पाय घातला आणि मी कोण, काय झालंय, मला काय वाटतं, तुम्ही काय करायला हवं, हे सगळं त्यांना ऐकवलं. सगळे धावत खोलीत आले.

म्हाताऱ्या बाई स्वेटर विणत होत्या. विणताना अडचण होते म्हणून त्यांनी बोटाला लावलेला चिमटा काढून लोकरीच्या गुंड्याला लावला होता.

डॉक्टरांनी लोकरीच्या गुंड्याकडे पाहिलं, मग क्लिफर्डकडे. ते लिफ्टकडे परत गेले. नर्सने चिमटा बाईंच्या बोटाला परत लावला. आकडा ठणठणीत आला. क्लिफर्डचे कान इतके तापले, की तो पुन्हा लिनन रूममध्येच जाऊन उभा राहिला. मिसेस बेलफोर मागोमाग आल्या.

"आधी पेशंटकडे बघायचं, मग मशीनकडे. हे पहिल्या वर्षी शिकवतात," त्या म्हणाल्या.

"हो."

"लिफ्टमध्ये पाय घालू नये. तुटतो."

"हो."

"पास," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचं वर्ष विशेष काही न घडता गेलं, आणि त्याला तेच हवं होतं. मग लायसन्सची परीक्षा आली. ती कॉम्प्युटरवर असते. उत्तरं बघून यंत्रच ठरवतं, की आणखी प्रश्न विचारायचे की नाही. क्लिफर्ड ऐन रंगात आला असताना यंत्राने परीक्षा बंद केली. त्याने हात वर केला आणि तिथल्या बाईंना मोठ्याने सांगितलं, की तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय. आजूबाजूच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. बिघडला नव्हता, त्याला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे पास झाल्यामुळे की नापास झाल्यामुळे, ते पुढे काही दिवसांनी कळलं. निकाल आधी बर्थाने वाचला, कारण त्याने चष्मा हातात धरून ठेवला होता. ती रडली. तो शेजारी बसून राहिला आणि या खेपेला कुठलंही वाक्य जुळवत नव्हता.

आता तो मिसिसागातल्याच एका हॉस्पिटलात सर्जरीच्या वॉर्डात रजिस्टर्ड नर्स आहे. वय त्रेपन्न आणि वॉर्डात सगळ्यांत ज्युनियर, म्हणून नाताळची ड्यूटी त्याच्याच वाट्याला येते. बर्थाने यंदा नाताळ दोन दिवस पुढे ढकलला. क्रिस्टा बर्नाबीहून आली होती. जेवायला पोर्कचं इंद्याल आणि तळलेले फुगे झाले होते. जेवताना क्लिफर्ड एका पेशंटची जखम कशी उसवली आणि त्यातून काय काय आलं, ते सविस्तर सांगत होता.

"डॅड, वी आर ईटिंग," क्रिस्टा म्हणाली.

त्याने थांबून सगळ्यांच्या ताटांकडे पाहिलं आणि आणखी इंद्याल कोणाला हवंय, असं विचारत तो उठला. दुसऱ्या दिवशी त्याची सकाळची ड्यूटी होती.