आत्याचं हिरवं लुगडं

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या दिवसांतली गोष्ट. बुलढाण्याच्या छोट्या वस्तुसंग्रहालयात मी फुकट राबायचो. मूर्ती पुसायच्या, चिठ्ठ्या डकवायच्या आणि इतिहास आपल्याच खांद्यावर आहे अशा थाटात हिंडायचं. पुढे जुन्या धंद्यांचे फोटो काचेवर उतरवून गावोगाव मॅजिक लँटर्नच्या दिव्यानं पडद्यावर दाखवायचं ठरलं, तेव्हा तर मला आभाळ ठेंगणं झालं.

पिंपळगाव राजाला माझी आत्या दिली होती, पाटलांच्या घरी. सरकी काढायचा लाकडी रेचा तिच्या माळ्यावर पडून होता. तिनं तो हौसेनं उतरवला, पुसला आणि फोटोसाठी हिरवंगार लुगडं नेसून, नथ घालून बसली.

"आत्या, हे नाही चालत. फाटकंतुटकं नेस."

"काऊन रे? फोटोत तं लोकं चांगलंच नेसतेत ना?"

"जुना काळ दाखवाचा हाय मले."

ती हसली आणि शेतात निंदणाला जाताना नेसायचं लुगडं नेसून आली. त्याच्या पदराला, अगदी गळ्यापाशी, मोठं ठिगळ होतं. मी खूश झालो.

खेळ तिच्याच गावात, शाळेच्या पटांगणात लागला. पडद्यावर आत्या आली आणि मी शुद्ध भाषेत सांगू लागलो, "पूर्वी गरीब बायका अशा सरकी काढीत."

"अबे, हे तं पाटलाची सून हाय!" मागून कोणीतरी ओरडलं. "धड लुगडं नाही देत काय घरचे?"

सगळं पटांगण हसलं. आत्याचे यजमान उठून गेले. बायकांत बसलेल्या आत्यानं पदर पुढे ओढला. ते लुगडं मीच नेसायला लावलं, एवढंच सांगायचं होतं. मी पुढची काच सरकवली.

घरी तिनं मला ताट वाढलं. मग हळूच म्हणाली, "तुह्यापाशी हिरव्या लुगड्यातला एखांदा नाही काय रे?"

नव्हता. मी काढलाच नव्हता. मान वर न करता जेवलो. आजही तो घास आठवला की लाज वाटते.

आत्या गेल्यावर तिचा मुलगा भिंतीवर लावायला फोटो मागायला आला. तिचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. मी त्याच काचेवरून छाप काढून दिला.

"दादा, नुसतं तोंड ठेवता येईन काय?"

मी कापला. तरी ठिगळाचा एक कोपरा राहिलाच.

"राहू द्या," तो म्हणाला. "हार जरा मोठा घालतो."